बिनतोंडाच्या बाई

आमच्या घरात त्यांना 'बिनतोंडाच्या बाई' म्हणत. नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलं, आणि सासूबाईंनी ठेवलेली नावं आमच्याकडे बदलत नाहीत. वास्तविक एवढं तोंड असलेली दुसरी बाई मी तरी लीड्समध्ये पाहिली नाही. मिसेस फिप्स सकाळी आठला हॉस्पिटलच्या तळघरातल्या शिवणखोलीत शिरत त्या बोलतच, आणि साडेचारला कोट चढवून निघत त्याही एखाद्या वाक्याच्या मध्यावर. ते वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढे सुरू होई. मधल्या वेळात ओठांत सहा टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे बोलण्यात खंड पडत नसे. फक्त 'प', 'ब' आणि 'म' ऐकणाऱ्याने आपले आपण घालून घ्यायचे. त्यांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या, तर मात्र जपून राहायचं.

मी त्या खोलीत लागले ८६ साली. आमचे हे वरच्या मजल्यावर रजिस्ट्रार डॉक्टर होते, मुलगी अमू नर्सरीत जायला लागली होती, आणि घरी बसून मी भिंतींशी बोलू लागले होते. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, शिवणाचा अनुभव काय? पुण्याला शिवणाच्या परीक्षेत मी काठावर पास झाले होते, ते सांगण्यासारखं नव्हतं. माझा खरा अनुभव साड्यांना फॉल लावण्याचा. म्हणून मी छाती पुढे काढून म्हटलं, "आय हॅव डन मेनी फॉल्स."

गृहस्थ काळजीत पडले. "एनी इंजरीज?"

"ओन्ली नीडल," मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. कोपऱ्यात बसलेल्या मिसेस फिप्स टाचण्यांमधून म्हणाल्या, "घ्या हिला. इतक्या वेळा पडून उठलेली बाई पुन्हा मिळायची नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी मला चादर शिकवली. हॉस्पिटलची चादर नेहमी मधोमध विरते. मग ती उभी फाडायची, दोन्ही बाजूंच्या धडधाकट कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला मध्य कडेला टाकायचा. चादर आणखी दोन वर्षं चालते. "मधलं झिजलं की कडेच्यांना बोलावतात, मिसेस डॉक्टर," त्या म्हणाल्या. "नाहीतर तू आणि मी या देशात कशाला आलो असतो?" मला त्या कायम 'मिसेस डॉक्टर'च म्हणत. वसुधा हे नाव त्यांना येत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरची बायको तळघरात चादरी जोडते, ही गोष्ट त्यांना इतकी आवडली होती की दिवसातून वीसदा म्हटल्याशिवाय राहवत नसे.

जेवणाच्या सुट्टीत त्या सँडविच डाव्या हाताने खात आणि उजव्या हाताने बाहुल्या करत. बाद झालेल्या चादरीच्या तुकड्याचं अंग, ते कडक चहात बुडवून तपकिरी केलेलं. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या गाऊनचा घोळदार परकर. पडद्याच्या कापडाचा डोक्याला रुमाल, त्यावर कधी रंगीत टोपली. आणि तोंड नाही; डोळे नाहीत, ओठही नाहीत. जिथे तोंड असायचं तिथे चहाच्या रंगाचं गुळगुळीत कापड. लहान मुलांच्या वॉर्डात ऑपरेशनला आलेल्या प्रत्येक मुलाला अशी एक बाहुली मिळे. मी लागले तेव्हा मिसेस फिप्स हे नऊ वर्षं करत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं.

बाहुलीला तोंड का नाही, असं सगळेच एकदा विचारत. प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. वॉर्डच्या सिस्टरना त्यांनी सांगितलं, दोरा संपला. पाद्रीबुवांना सांगितलं, ते काम मी तुमच्या साहेबांवर सोडलंय. ट्रॉली ढकलणाऱ्या पोर्टरला सांगितलं, "तुझ्या बायकोचंच काढणार होते, पण मुलं लहान आहेत." मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चहा कमी पडलाय, आण." मी आणला. खरं उत्तर मिळवायला मला पुढे तोंडभर पाणी घ्यावं लागलं. ते सांगतेच.

८८च्या ऑगस्टमध्ये अमूचे टॉन्सिल्स काढायचे ठरले. मदतीला म्हणून देवरुखहून सासूबाई आल्या. मिसेस फिप्स स्वतः जिने चढून वॉर्डात आल्या आणि अमूच्या उशाशी एक बाहुली ठेवून गेल्या. ऑपरेशननंतर घसा धरून अमू कुजबुजली, "हिला पण बोलता येत नाही." तेवढ्याने तिचं समाधान झालं आणि ती झोपली.

सासूबाईंचं झालं नाही. त्यांनी बाहुली उचलली, पालथी केली, उलथी केली. "अगो वसू, हिला तोंडच नाही! आजारी पोरीच्या उशाशी हे असलं? कुणी दिलं?"

"आमच्या शिवणखोलीतल्या बाई आहेत, आई."

"बिनतोंडाच्या बाई," सासूबाई म्हणाल्या आणि बारसं उरकलं. "अर्धवट वस्तू रुग्णाजवळ ठेवू नये. पुरी करून आण."

आता इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही ती बाहुली दोन वर्षं अर्धवटच वाटत आली होती. आणि शिवणाच्या परीक्षेत मला भरतकामात तेवढे बरे मार्क होते. ते दाखवायची संधी तेरा वर्षांत आली नव्हती. त्या संध्याकाळी मी बाहुली घरी आणली आणि हौसेने बसले. काळ्या रेशमाचे टपोरे डोळे, काजळाची रेघ कानापर्यंत, साखळीच्या टाक्याचे लाल ओठ, छान हसरे, आणि कपाळाला टिकली. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आली."

सकाळी वॉर्डात अमूने ती पाहिली आणि दूर ढकलली. "ही माझा बाहुली नाही."

"माझी बाहुली," मी म्हटलं. पोरीचा घसा फाडलेला आणि मी व्याकरण सुधारतेय.

"मला दुखतंय," अमू म्हणाली, "आणि ती हसतो." आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी ते कुणाला सांगितलंही नसतं. पण तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टर आल्या, आणि त्यांना बाहुली अतिशय आवडली. बिनचेहऱ्याच्या बाहुल्यांनी मुलं दचकत असतील, असं त्यांना नेहमी वाटत आलं होतं. मुलं कधी दचकली का, असं मी विचारलं. "अजून नाही," त्या म्हणाल्या. मग त्या माझी बाहुली घेऊन तळघरात गेल्या, आणि मी त्यांच्यामागून, कुणी बोलावलं नसताना.

"मिसेस फिप्स, यापुढे सगळ्या अशा हव्यात," सिस्टर म्हणाल्या. "आनंदी. नाहीतर मला वॉर्डात ठेवता येणार नाहीत. आणि बघा ना, तुमच्याच खोलीतल्या मुलीने केलीय!"

मिसेस फिप्सनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एक, दोन, तीन, सहाच्या सहा उशीत खोचल्या. बाहुली खिडकीपाशी नेऊन पाहिली. मी जिन्याकडे पाहत होते.

"टाके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. बस. बाहुल्यांची टोपली उचलून कपाटावर ठेवली आणि चादर पुढे ओढली.

त्यानंतर अकरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी म्हणजे कुणाशीच नाही, कारण खोलीत आम्ही दोघीच. शिवणाच्या मशीनचा आवाज किती मोठा असतो, हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी तीनदा 'सॉरी' म्हटलं. तिन्ही वेळा त्यांनी मला कातर दिली. जेवणाच्या सुट्टीत त्या सँडविच दोन्ही हातांनी खात. ते मला बघवत नसे. वॉर्डात मुलं येत होती, जात होती, आणि कपाटावरची टोपली खाली येत नव्हती. बाहुल्या वॉर्डात राहणार की अकरा वर्षांनी बंद पडणार, एवढाच प्रश्न होता. आणि तो मी माझ्या हाताने, साखळीच्या टाक्याने, घातला होता.

अशात गौरी आल्या. आमच्याकडे खड्याच्या गौरी. इतकी वर्षं मी बागेतले पाच खडे धुऊन पाटावर ठेवत असे, पण या वर्षी सासूबाई घरात होत्या. खडे वाहत्या पाण्यातलेच हवेत. सवाष्णीने जाऊन आणायचे. परत येताना मागे वळून बघायचं नाही, अवाक्षर बोलायचं नाही. आणि बोलणार नाही याची खात्री म्हणून तोंडात पाण्याची गुळणी धरायची, ती दारात पाय धुतल्यावरच टाकायची. त्यांच्या माहेरी पऱ्या, म्हणजे ओढा, घरामागेच होता. लीड्समधल्या नदीचा रंग बघून सासूबाईंनी ती नापास केली, तेव्हा मी शनिवारी बसने ओटलीला गेले, वॉर्फ नदीच्या काठी पाच गुळगुळीत खडे निवडले, तांब्यात घातले, बाटलीतलं पाणी तोंडात भरलं आणि मुकाट्याने बसस्टॉपवर उभी राहिले. रिटर्न तिकीट काढायची बुद्धी मला झाली नव्हती, हे बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं.

"कुठे जायचंय, लव्ह?" सरदारजी ड्रायव्हरांनी अस्सल यॉर्कशर हेल काढून विचारलं.

मी गाल फुगवून त्यांच्याकडे पाहिलं. तांब्या दाखवला. त्याने खुलासा झाला नाही. मागे रांग थांबली. मी हाताने 'सरळ, मग उताराने' असं दाखवलं.

"हेडिंग्ली," मागून आवाज आला. "दोन द्या. ती बोलत नाही. आम्ही एकमेकींशी बोलत नाही."

मिसेस फिप्स. ओटलीच्या नर्सिंग होममध्ये त्यांच्या चर्चमधल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना भेटायला त्या शनिवारी येत, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी ते दोनशे वेळा सांगितलं होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या. मी काही बोलेन म्हणून पाच मिनिटं थांबल्या. मग माझ्या गालांकडे नीट पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की अशी संधी या बाईला आयुष्यात मिळाली नसेल.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता ऐक."

आणि हेडिंग्लीला आमचा स्टॉप येईपर्यंत मी ऐकलं. त्यांचे आईवडील सेंट किट्स बेटावरचे, इंग्रजी बोलणारे. पण ऊसतोडीला गेले डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, तिथलं बोलणं स्पॅनिश. या जन्मल्या तिथल्या मजुरांच्या चाळीत. नाव ठेवलं अल्ताग्रासिया. लीड्सच्या ऑफिसातल्या कारकुनाने त्याचं ग्रेसी केलं. "स्पॅनिश म्हणावं तर चर्च मेथॉडिस्ट. किट्सची म्हणावं तर जन्म तिथला नाही. आणि डोमिनिका नावाचं एक वेगळंच बेट आहे, तिथे मी कधी गेलेली नाही, पण माझ्या निम्म्या कागदांवर तेच लिहिलंय. लोक मला ओरडून सांगतात, घरी जा. मी म्हणते, जाते, पत्ता द्या."

मी पाणी सांभाळत होते.

"आमच्या घरात आम्ही सात जण, आणि सात रंग. एक कोळशासारखा, एक दालचिनीसारखी, एक तर जवळजवळ तुझ्या त्या सिस्टरसारखी. आजी चिंध्यांच्या बाहुल्या करायची. आम्ही म्हणायचो, तोंड काढ. ती म्हणायची, कुणाचं काढू? एकाचं काढलं तर सहा जण रुसतील. ज्याला जे दिसतं ते त्याचं. आता तिकडे मातीच्या करतात तशा, भट्टीत भाजून, टोपीबिपी घालून. बहिणीने कार्ड पाठवलंय. देशाची खूण म्हणून दुकानात विकतात. आजीच्या हट्टाला सरकारी मान्यता मिळाली." त्यांनी मांडीवरची पर्स सरळ केली. "माझ्याबद्दल एकही कागद धड नाही, मिसेस डॉक्टर. या बाहुल्या तेवढ्या बरोबर होत्या. आणि तू त्यांना हसायला लावलंस."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडातलं तिथेच होतं. सासूबाईंचा धाक मोठा.

"तांब्यात काय आहे?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. "दगड," त्या म्हणाल्या. ते त्यांना इतकं अनपेक्षित होतं की पुढची बस न पकडता त्या माझ्याबरोबर घरी आल्या.

दारात सासूबाई दूध-पाणी घेऊन उभ्या होत्या. माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. मग पाहुणीकडे पाहून मला डोळ्यांनीच विचारलं. मी गुळणी टाकली आणि सांगितलं, "आई, ह्याच त्या बाई."

"नवरा आहे?"

मी इंग्रजीत विचारलं. मिस्टर फिप्स एकाहत्तर साली बर्मिंगहॅमला कामासाठी गेले होते. अजून परतले नव्हते.

"बर्मिंगहॅमला आहे ना? म्हणजे आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मिसेस फिप्सनाही कुंकू लावलं.

पाटावर तांदूळ, तांदळावर पाच खडे मांडले. हळद, कुंकू, आघाडा, जो मुळात पालक होता. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मिसेस फिप्स वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "देवी आहेत? मग चेहरा कुठे?"

मी भाषांतर केलं. सासूबाईंना प्रश्नच बाळबोध वाटला. "तोंड कशाला? गौर ज्या घरी येते त्या घरच्या लेकीसारखी दिसते. तोंड काढून ठेवलं तर एकाच घरची होईल."

मी इंग्रजीत सांगितलं. मिसेस फिप्स म्हणाल्या, "माझी आजी हेच म्हणायची. फक्त मोठ्याने."

हेही मी मराठीत सांगितलं. आणि मग त्या दोघी, आधी एक, मग दुसरी, सोफ्याच्या कोपऱ्याकडे पाहू लागल्या. तिथे अमूने टाकून दिलेली बाहुली कानापर्यंत काजळ घालून हसत होती.

शेवटी सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"काय गो," त्या म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं हिला तोंड काढायला?"

मी सोफ्यावरची बाहुली आणून त्यांच्या हातात दिली.

मिसेस फिप्सनी पर्समधून टाके उसवायची छोटी कातर काढली. सासूबाईंनी बाहुलीचं डोकं धरलं, मिसेस फिप्सनी ओठ उसवले, मग डोळे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काम करताना अडलं नाही. कापडावर बारीक भोकं राहिली. "धुतल्यावर जातील," मिसेस फिप्स म्हणाल्या. सगळी गेली नाहीत. अमूने बाहुली हातात घेतली, पालथी केली, उलथी केली आणि काखेत मारली.

सोमवारी मी तळघरात न जाता आधी वॉर्डात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सिस्टरसमोर उभी राहून मी सांगितलं की आमच्याकडे देवीला तोंड नसतं, माझ्या सासूबाईंनी बाहुलीचं तोंड काल-परवा स्वतः उसवलं, आणि पुन्हा तोंडं काढायला लागलो तर त्यांना फार वाईट वाटेल. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. सिस्टर नुकत्याच, सर्व धर्मांचा मान कसा राखावा, याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही आधी का नाही सांगितलं?" म्हणत त्यांनी माझीच माफी मागितली. दुपारपर्यंत वॉर्डातल्या फळीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लागली: 'हिंदू बाहुल्या. कृपया चेहरे काढू नयेत.'

मिसेस फिप्स चिठ्ठी वाचून आल्या, खुर्चीत बसल्या आणि कोट काढायचं विसरल्या. "पन्नास वर्षं मी मेथॉडिस्ट," त्या म्हणाल्या. "आणखी एक कागद चुकला." मग टोपली कपाटावरून खाली घेतली, सहा टाचण्या तोंडात धरल्या आणि दोन आठवड्यांपूर्वी अर्धवट सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. ते पोर्टरच्या बायकोबद्दल होतं.

पुढल्या वर्षी सासूबाई परत गेल्या होत्या. गौरींच्या शनिवारी मिसेस फिप्सच ओटलीच्या काठी येऊन उभ्या राहिल्या. "देव बदलणार नाही," त्या म्हणाल्या, "पण पाणी तोंडात धरायला काही हरकत नसावी." आणि त्यांनी गुळणी भरली. सरदारजींनी दोन फुगलेल्या बायकांना पाहिलं आणि काही न विचारता हेडिंग्लीची दोन तिकिटं काढली. पुढे दरवर्षी. वर्षातला तेवढा पाऊण तास मिसेस फिप्स गप्प असत, आणि तो त्यांनी आमच्या गौरीला दिला होता. घरी आल्यावर त्याची भरपाई होई.

त्र्याण्णव साली शिवणखोली बंद झाली. फाटलेली चादर जोडण्यापेक्षा फेकणं सोयीचं, असं वर कुणाच्या तरी लक्षात आलं. मिसेस फिप्सनी शेवटच्या दिवशी साडेचारला कोट चढवला आणि पहिल्यांदाच वाक्य पुरं करून गेल्या. ते काय होतं हे मला आठवत नाही. मी रडत होते. बाहुल्या मात्र घरून येत राहिल्या.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये त्या गेल्या. चॅपलटाउनच्या चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवली होती, शेवटचं दर्शन घ्यायला. सजवणाऱ्यांनी त्यांना गुलाबी लिपस्टिक लावली होती आणि ओठांना एक छान, शांत हसू दिलं होतं. मी रांगेत उभी होते. माझा नंबर आला तेव्हा माझा हात पर्समध्ये टाके उसवायची कातर शोधत होता.

मी देवरुखला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "शेवटचं तोंड बघितलंस का?"

"बघितलं, आई. पण ते त्यांचं नव्हतं."

"मग डोळे मीट," त्या म्हणाल्या. "दिसेल."

त्या सप्टेंबरात मी एकटी ओटलीला गेले. पाच खडे निवडले, तांब्यात घातले, तोंडात पाणी भरलं. बस आली. सरदारजींची दाढी आता पांढरी झाली होती. ते माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले आणि मग माझ्या मागे पाहू लागले.

"दुसऱ्या बाई कुठायत आज?"

माझ्या तोंडात पाणी होतं. त्यांनी जरा वाट पाहिली, मान हलवली आणि सवयीने दोन तिकिटं काढली. मी दोन्ही घेतली, खिडकीजवळची जागा मोकळी ठेवून बसले, आणि हेडिंग्लीपर्यंत एक थेंब सांडू दिला नाही. तोंडातला.